चुंबळ

१

मातीच्या घराचं कौतुक मी इतकं लिहिलंय, की आता त्याच घराबद्दल खरं काही लिहायला बसले तर माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही. दोन वर्षं दर रविवारी पुरवणीत माझा मजकूर यायचा. दोन हात जाडीच्या भिंती, माळवद, सागाच्या तुळया, दिवे ठेवायच्या भिंतीतल्या देवळ्या. तुळयांमधल्या खणातून माती झिरपते आणि बरोब्बर चहात पडते, तेसुद्धा मी मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये तीच माती चहात पडली असती तर मी बिल्डरला कोर्टात खेचलं असतं.

घर करमाडच्या पुढे, जालना रस्ता सोडून आत चार किलोमीटरवर. शेंद्र्याच्या कंपन्यांची धुराडी माळवदावरून दिसायची, पण खाली उतरलं की काही दिसत नसे. उन्हाळ्यात बाहेर त्रेचाळीस अंश असताना आत सारवलेल्या जमिनीवर उताणं पडावं, पाठ गार व्हावी, चिमण्यांनी डोक्यावर भांडावं. हे सुख खरंच होतं. सगळंच खोटं लिहिलं असं नाही.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. वैशाखातली दुपार, साडेबारा वाजलेले. ओट्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या उलटायला मी बाहेर आले. दाराच्या डाव्या अंगाला फरशीवर पाण्याचं एक वर्तुळ होतं. भरलेली कळशी टेकवून उचलली की बुडाचं उमटतं तसं, कडेला ओलं आणि मध्ये कोरडं.

त्या उन्हात सांडलेलं पाणी पाच मिनिटं टिकत नव्हतं. म्हणजे कुणीतरी आत्ताच कळशी ठेवून उचलली होती. मी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. एक कुत्रं भिंतीच्या सावलीला चिकटून झोपलं होतं, बाकी कुणी नव्हतं. डोळ्यांदेखत वर्तुळ आक्रसत गेलं आणि पुसलं गेलं.

त्या जागी कळशी टेकवणारी गावात एकच बाई होती. गोजरबाई. तिला जाऊन बारा दिवस झाले होते.

२

घर मी सोनाजीकडून घेतलं. मेंढरं राखणारं कुटुंब, दोन पिढ्या त्या घरात राहिलेलं. पुढे मेंढरं गेली, चराईची रानं कंपन्यांत गेली आणि सोनाजी शेंद्र्याला एका गोदामावर वॉचमन झाला. किल्ली देताना तो मला मागच्या पडवीत घेऊन गेला. तिथं आड होता. दगडी बांधाचा, चाळीस फूट खोल, घराच्या पोटातच.

"येक सांगतो बाई," सोनाजी म्हणाला. "ह्यो आड कुणाला बंद करू नका. बहात्तरच्या दुष्काळात आख्खं गाव हितं पाणी शेंदत व्हतं. माह्या मायनं, मंजुळाबाईनं, कुणाला नाय म्हणलं नाय. पलीकडच्या वस्तीलाबी नाय."

पलीकडची वस्ती म्हणजे वाटेवरच्या निंबाच्या पुढची बौद्धवस्ती. मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, "असं कसं बंद करीन मी?" असंही म्हणाले. मी शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. समतेवर भित्तिचित्रं काढून घेतली होती मुलांकडून.

पहिलं वर्ष आड उघडा राहिला. दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. माघापासूनच पहाटे पाच वाजता बायका दारात. पडवीत चिखल, भांड्यांचा खणखणाट, मोठमोठ्यानं बोलणं. माझी सकाळ गेली, लिहिण्याची वेळ गेली. आणि पाणी दर आठवड्याला हातभर खाली चाललेलं. मी दोरीला गाठी मारून मोजायची. मला माझा मोगरा दिसायचा, दोन जास्वंदी दिसायच्या, भिंतीवर मोठ्या हौसेनं चढवलेली मधुमालती दिसायची.

एका सोमवारी करमाडहून वेल्डर आणला, आडावर लोखंडी जाळी बसवली आणि कुलूप घातलं. मंगळवारी पहाटे बायका आल्या तेव्हा मी म्हणाले, "आटला हो आड. तळ लागला. कुणी पोरबीर पडायला नको म्हणून जाळी टाकली."

किती सहज जमलं ते. आवाजसुद्धा हलला नाही. मनकर्णाबाई म्हणून एक म्हातारी होती. ती चुकचुकली. "अगं माय! बहात्तरला नाय आटला, न् आता आटला व्हय?" आडाचंच वाईट वाटलं तिला. कुणी आत येऊन बघितलं नाही. कुणाला शंकाही आली नाही. बायका रिकामी भांडी घेऊन परत गेल्या आणि मी आत येऊन चहा प्यायले.

आडात अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर सोडलेली होती. ती सुरू केली की घरघर ऐकू जायची. म्हणून मोटर लावली की मी रेडिओ मोठ्यानं लावायची. गावात बोललं जायचं, ताईंना गाण्याचं लई वेड हाय.

३

मग गोजरबाई आली.

पलीकडच्या वस्तीतली. साठीची असेल. सडसडीत, हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं, बोलणं कुऱ्हाडीसारखं. दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणीला जायची. मुलगा अतुल शेंद्र्याला कंपनीत ठेकेदाराकडे होता आणि सून करुणा घर बघायची. टँकर दर तिसऱ्या दिवशी वस्तीजवळ उभा राहायचा. तिथून माझं घर अर्ध्या कोसावर.

दुपारी साडेबाराला कडी वाजली. दारात ती, डोक्यावर पितळी कळशी. कळशीच्या गळ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, 'गोजरबाई साहेबराव'. तिच्या लग्नातली असावी.

"तुमचा आड आटला म्हणं," ती म्हणाली. "येकट्या बाईमाणसानं टँकरमागं कुठं पळावं? तुम्हाला रांगंतलं भांडण जमायचं नाय. घ्या."

तिनं कळशी ओट्यावर टेकवली, दाराच्या डाव्या अंगाला. डोक्यावरची चुंबळ काढली, म्हणजे ओझं बसावं म्हणून करतात ते कापडाचं वेटोळं, जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाचं. त्याच चुंबळीनं घाम पुसला.

त्या क्षणी सांगता आलं असतं. "गोजरबाई, खोटं बोलले मी, पाणी आहे," एवढंच. पण सांगितलं तर गावभर होणार, जाळी काढावी लागणार, पुन्हा पहाटे चिखल. मी कळशी उचलली, आत नेली, बादलीत ओतली आणि रिकामी करून परत दिली. "आत या" असं म्हणाले नाही. तीही उंबऱ्याच्या आत आली नाही. मी म्हणत नव्हते म्हणून ती येत नव्हती, की ती येणार नाही हे धरून मी म्हणत नव्हते, याचा हिशोब मी तेव्हा केला नाही.

दर तिसऱ्या दिवशी ती यायची. आली की आधी विचारायची, "मागच्या येळचं पेलात का, ताई?"

"प्यायले ना," मी म्हणायची. "छान गार होतं."

ती माझ्याकडे क्षणभर बघायची. मग म्हणायची, "मंग बरं झालं." एकदा हसलीसुद्धा. मला वाटलं, कौतुकानं हसली.

मी ते पाणी एकदाही प्यायले नाही. सगळं मोगऱ्याला घातलं. टँकरच्या पाण्याला पावडरीचा उग्र वास येतो, पोटाला बाधेल, असं मी मला सांगितलं होतं. पण माझी आई शहागंजातल्या आमच्या घरी झाडायला येणाऱ्या बाईचा पेला वेगळा ठेवायची, मोरीवरच्या कोनाड्यात, पालथा. लहानपणी मी त्यावरून आईशी भांडले होते. कळशी बादलीत ओतताना दर वेळी मला तो पालथा पेला दिसायचा, आणि दर वेळी मी मनातल्या मनात पावडरीच्या वासाचं कारण पुन्हा म्हणायची.

आणि मी तिच्यावर लिहिलं. 'कळशीभर शेजार' असं नाव दिलं होतं. वाचकांची पत्रं आली, कुणाकुणाचे डोळे भरून आले. मोगऱ्याला त्या वर्षी फुलंही भरपूर आली.

४

गोजरबाई भर दुपारी गेली. निंबाखाली पडलेली सापडली, शेजारी कळशी कलंडलेली. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेले. बायकांनी मला बसायला खुर्ची दिली. सगळ्या खाली बसलेल्या आणि मी खुर्चीवर.

करुणा तिशीची, शांत. रडून झालं होतं तिचं. ती म्हणाली, "ताई, कळशी सापडली, पण आईची चुंबळ नाय सापडली. हिरव्या काठाची. त्या दिशी तुमच्याकडं आलती का आई?"

"नाही गं," मी म्हणाले. "मी आतच होते. कडी वाजली असती तर ऐकू आली असती."

चुंबळ माझ्या घरात होती. मधल्या घरातल्या देवळीत, रेडिओच्या मागे.

ती गेल्यापासून बाराव्या दिवशी ओट्यावर ते वर्तुळ दिसलं. उन्हानं डोळ्यांना काहीतरी झालं असेल असं म्हणून मी सोडून दिलं. पंधराव्या दिवशी वर्तुळ उंबऱ्यावर होतं. अठराव्या दिवशी उंबऱ्याच्या आत, सारवलेल्या जमिनीवर.

मी बावळट नाही. कारणं शोधली. दारामागचा रांजण पाझरत असेल म्हणून तो रिकामा करून पालथा घातला. जमिनीला ओल येते म्हणावं तर चाळीस फुटांवर पाणी आणि वर आग. मांजरानं सांडलं म्हणावं तर मांजर वर्तुळ काढत नाही. माझी स्टीलची कळशी भरून बाजूला ठेवून पाहिली. तिचं वर्तुळ लहान आलं. पितळी कळशीचं बूड मोठं असतं.

मग लक्षात आलं, हे दर तिसऱ्या दिवशी होतंय. त्या दिवशी वस्तीकडून टँकरचा भोंगा ऐकू यायचा. त्यानंतर तासाभरानं, म्हणजे रांगेत कळशी भरून डोक्यावर ओझं घेऊन साठीच्या बाईला माझ्या घरापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यानं, घरात कुठंतरी काहीतरी जड टेकवल्याचा आवाज यायचा. मोठा नाही. पितळ मातीवर टेकतं तेवढाच. मी स्वयंपाकघरात असले तर तो मधल्या घरात यायचा, आणि मी धावत गेले तर फक्त ओल असायची. खोलीत पावडरीचा तो उग्र वास असायचा.

एकविसाव्या दिवशी वर्तुळ मधल्या घरात होतं, देवळीच्या बरोबर खाली. मी रेडिओ बाजूला केला. चुंबळ ओली होती. पिळली तर पाणी निघालं. आदल्या रात्रीच मी ती पाहिली होती आणि ती खडखडीत कोरडी होती. घाबरले, पण त्याहून जास्त मला लाज वाटली. चोरी उघडी पडल्यावर वाटते तशी.

मोटर मी तिच्या मरणापासून लावली नव्हती. सकाळी जाळी थोडी सरकवून, आवाज न करता दोन बादल्या शेंदून घ्यायची. आडात पाणी होतं. भरपूर होतं.

५

आता त्या दुपारचं सांगते.

टँकरचा दिवस होता. पण मला वाटलं, आज एवढ्या उन्हात ती येणार नाही. माळवदावरची टाकी रिकामी झाली होती म्हणून मी मोटर लावली, रेडिओ लावला. साडेबाराला कडी वाजली.

मोटर बंद करायचं बटण पडवीत होतं. मी तिकडे निघाले आणि थांबले. घरघर अचानक थांबली तर तिला कळेल की घरघर होती. दार उघडलं तर पडवीतून ऐकू जाईल. मी मधल्या घरात उभी राहिले आणि रेडिओ आणखी मोठा केला.

"ताई," ती म्हणाली. "ओ ताई. पाणी आणलंय."

पुन्हा कडी वाजली. मग ती ओट्यावर बसली असावी, कारण आवाज खालून यायला लागला. "ताई, जरा दार उघडा. जीव घाबरा व्हतोय." हे तिनं दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा हळू.

मी तिथंच उभी होते. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती आणि तिच्यात धूळ उडत होती. मी त्या धुळीकडे बघत होते. रेडिओवर कुणीतरी पावसावरचं गाणं लावलं होतं. टाकी भरून वाहायला लागली, माळवदावरून पाणी मागच्या अंगणात पडायला लागलं, त्याचा आवाज यायला लागला, तो तिलाही आला असेल. तरीसुद्धा मी हलले नाही.

बऱ्याच वेळानं मी दार उघडलं. ओटा रिकामा होता. घाईनं उठताना राहिलेली चुंबळ तेवढी तिथं पडली होती. मी ती उचलून आत आणली आणि देवळीत लपवली. तेव्हा ती निंबापर्यंत पोचली होती की नव्हती, मला माहीत नाही. मी बघायला गेले नाही.

६

चोविसाव्या दिवशी वर्तुळ पडवीत होतं. आडाच्या जाळीला लागून. कुलूप ओलं होतं, आणि त्याच्यावरून एक थेंब घरंगळत आत आडात पडला. खूप वेळानं खालून टपकन आवाज आला. म्हणजे पाणी होतं. हे मी कानांनी ऐकलं.

पुढची खेप कुठं टेकेल, हा विचार मी करत बसले. घरात पुढे जागा उरली नव्हती. जिथं मी होते तेवढीच जागा होती.

सत्ताविसाव्या दिवशी टँकरचा भोंगा झाला तशी मी चप्पल घालून वस्तीकडे निघाले. रांग लागलेली होती. मी रांगेपुढे उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्या आडाला पाणी आहे. मी खोटं बोलले होते. चला, पाहिजे तेवढं घ्या."

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. चौघी आल्या. मनकर्णाबाई, आणखी दोघी आणि करुणा. करुणाच्या डोक्यावर टँकरवर भरलेली गोजरबाईची पितळी कळशी होती. निंबाजवळून जाताना मी खाली बघितलं.

"आत या," मी दारात म्हणाले. पहिल्यांदाच. त्या आल्या.

कुलूप काढलं, जाळी ओढली. सकाळीच मी इथून पाणी शेंदलं होतं, बादलीतून हिंदकळून माझे पाय भिजले होते. मी पोहरा सोडला. दोरी गेली, गेली, माझ्या गाठी एकेक करून हातातून गेल्या, आणि पोहरा दगडावर आपटला. मी दोरी हलवली. पोहरा कोरड्या दगडावर खडखडत राहिला. ओढून वर घेतला तर तळाला सुकी माती लागली होती.

"सकाळी होतं," मी म्हणाले. "देवाशपथ सकाळी होतं. मोटर आहे यात. मी रोज... रेडिओ लावून मी..."

मनकर्णाबाईनं आडात वाकून पाहिलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "लई दिस झाले की आटून त्याला, ताई. तुम्हीच तर सांगितलं व्हतं."

"खोटं सांगितलं होतं मी!"

"बरं, बरं. बसा खाली. ऊन लागलंय तुम्हाला." ती दुसरीला म्हणाली, "येकटी राहती ना. डोस्कं तापलं बाईचं."

मी त्यांना सगळं सांगत होते, कुलूप दाखवत होते, मोटरचं बटण दाखवत होते. त्या मान डोलावत होत्या, लेकराला समजवावं तशा. कुणीसुद्धा माझ्यावर चिडलं नाही. मला चिडायला हवं होतं त्यांनी.

"आई म्हणायची," करुणा हळूच म्हणाली, "ताईच्या आडाला पाणी नाय, त्यान्ला पाणी न्यावं लागतं. घ्या, प्या."

तिनं कळशी कलती केली. भांडं आणायचं मला सुचलं नाही. मी वाकले आणि ओंजळ धरली, तिनं वरून धार सोडली. ओंजळीनं पाणी पिणारी माणसं मी आजोळच्या गावी पाहिली होती, उंबऱ्याबाहेर वाकलेली. मी प्यायले.

पाणी कोमट होतं. कोमट कसलं, गरमच होतं. पितळेची कळशी, भर दुपार, अर्धा कोस डोक्यावर. ते गार असूच शकत नव्हतं. एकाही दिवशी ते गार नव्हतं.

छान गार होतं, असं मी तिला प्रत्येक खेपेला सांगत आले होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं की मी ते पीत नाही. माहीत असून ती म्हणायची, मंग बरं झालं. माहीत असून तिसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

७

बायका जाताना आपापल्या भांड्यातलं थोडं थोडं पाणी माझ्या रांजणात ओतून गेल्या. मी नको म्हणत असताना. करुणाची कळशी निम्मी झाली होती, ती तिनं सगळीच रिकामी केली. दार लोटून त्या गेल्या.

मी आडाच्या कठड्याला खांदा टेकून, दाराकडे पाठ करून बसले होते. एक वाजून गेला असेल. बाहेर काही हलत नव्हतं. चिमण्यासुद्धा गप्प होत्या.

माझ्या मागे, हातभर अंतरावर, मातीवर पितळ टेकलं.

करुणा परत आली असं मी मनाशी म्हटलं. पण दाराची बिजागरी वाजली नव्हती. पावडरीचा वास आला. घामाचा आला. कुणीतरी लांबून चालत आल्यावर घेतं तसा श्वास ऐकू येत होता, आणि तो काही केल्या पुरा होत नव्हता.

माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि माझ्या हातातल्या रिकाम्या पोहऱ्याजवळ थांबला. कोपरापर्यंत गोंदलेला. मी तेवढाच पाहिला. मान वळवली असती तर पुढचं दिसलं असतं. मी वळवली नाही.

"पेलात का, ताई?"

"प्यायले," मी म्हणाले. मग म्हणाले, "गरम होतं."

श्वास थांबला. मग माझ्या हातातला पोहरा कुणीतरी काढून घेतला, रागानं नाही, रिकामं भांडं परत घेतात तसा, आणि आडात सोडला. दोरी माझ्या मांडीवरून सरसर गेली. तळाशी पोहरा आपटल्याचा आवाज मी ऐकायला थांबले नाही. देवळीतली चुंबळ उचलून मी उन्हात पळाले.

करुणा निंबाखाली एकटीच बसली होती. तिच्यापुढे मी सगळं सांगितलं. कडी वाजली होती ते, जीव घाबरा होतोय म्हणाली ते, मी आत उभी होते ते. आडाबद्दल नाही सांगितलं, त्यावर तिचा विश्वास बसणार नव्हता. फक्त दाराचं सांगितलं. आणि चुंबळ पुढे केली.

करुणानं ती दोन्ही हातांत घेतली. तिच्या बोटांमधून पाणी टपकायला लागलं, खालच्या भेगाळलेल्या मातीत पडायला लागलं.

"ओली हाय," ती म्हणाली.

"दर तिसऱ्या दिवशी होते," मी म्हणाले. "दुपारी."

मी खाली मान घालून उभी होते. तिनं मला मारावं, गाव गोळा करावं, थुंकावं, असं वाटत होतं. ती उठली. चुंबळ नीट गोल केली, सुटलेला हिरवा काठ आत खोचला आणि माझ्या हातावर परत ठेवली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," करुणा म्हणाली. "आईला लागती ती."